पाँडिचेरीच्या नाक्यावरचे दोन गडू

जव्हारच्या माणसाला फ्रेंच मुलूख म्हणजे काय ते समजावून द्यायला मला कधी वेळ लागला नाही. मी म्हणायचो, "हे बघा, चोहोबाजूंनी इंग्रज आणि मधे आपले महाराज, असं आपलं जव्हार. तसंच चोहोबाजूंनी इंग्रज आणि मधे फ्रेंच, असं पाँडिचेरी." लगेच माना डोलायच्या. हद्द ओलांडली की कायदा बदलतो, नाक्यावर गाठोडी सोडावी लागतात, हे आम्हां संस्थानी लोकांना कोणी शिकवायला नको. पुढचा प्रश्नही ठरलेला असे. "मग तिथे दारूचाही कायदा निराळा का हो?" निराळाच आहे असं मी सांगितलं, की रामेश्वरला यायची भक्ती पुरुषमंडळींत एकदम वाढीला लागे.

माझा धंदा यात्रा नेण्याचा. जव्हार-मोखाड्याची मंडळी गोळा करायची, बैलगाड्यांनी मोखाडा, खोडाळा करत इगतपुरीला उतरवायची आणि तिथून आगगाडीने काशीला, द्वारकेला, नाहीतर रामेश्वरला न्यायची. गावात मला 'वाटाड्या' म्हणत. मद्रासच्या स्टेशनवर एका साहेबाने मला 'गाईड' म्हटलं, तेव्हापासून मी टोपी जरा वाकडी घालू लागलो. बाहेरच्या माणसाला वाटतं, या कामात रस्ते पाठ लागतात. रस्ते स्टेशनमास्तरला पाठ असतात. आम्हाला माणसं सांभाळावी लागतात. कोण कोणाच्या हातचं खातो, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला खिडकी लागते आणि कोणाला खिडकीत बसवलं की ओकारी येते, हे इगतपुरी यायच्या आत कळलं पाहिजे. शिवाय थोडं खोटं बोलता आलं पाहिजे. पुढच्या स्टेशनावर गोड पाण्याची विहीर आहे, असं मी अनेकदा अशा स्टेशनांबद्दल सांगितलं आहे जिथे धड फलाटही नव्हता. तेवढ्या आशेवर माणसं गप्प बसतात.

पाँडिचेरी आमच्या यात्रेत आली तीही अशीच. पहिल्या खेपेला विल्लुपुरमच्या जंक्शनवर आमचा डबा तोडून दुसऱ्या गाडीला जोडला. मला वाटलं, इंजिन बदलतंय. उतरलो तर समोर लाल उंच टोपीचे पोलीस आणि कोणालाच न कळणारी भाषा. मंडळी माझ्याकडे पाहू लागली. मी हात जोडले आणि म्हणालो, "रामेश्वराच्या आधी इथल्या समुद्रकाठच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं असतं. म्हणून मुद्दाम आणलं." गणपती आहे की नाही ते मला माहीत नव्हतं. पण गणपतीने लाज राखली. चौकशी केली तर खरंच समुद्राजवळ गणपतीचं देऊळ निघालं, आणि तेही चांगलं जागृत. पुढच्या वर्षी जव्हारात बायका एकमेकींना सांगत होत्या, की तो गणपती केल्याशिवाय रामेश्वर पावत नाही.

आज सांगायची खेप जर्मन युद्ध संपल्यानंतरची. पांबनचा पूल होऊन आगगाडी थेट रामेश्वरला जाऊ लागली होती. त्या खेपेला माझ्याबरोबर आनंदीकाकू होत्या. त्यांचे यजमान दरबारात कारकून होते. ते काशीला जाऊन गंगाजलाचा गडू घेऊन आले, आणि रामेश्वराला अभिषेक करायच्या आधीच तापाने गेले. काशीची गंगा रामेश्वराच्या पिंडीवर घातली की यात्रा पुरी होते, त्यामुळे त्यांची अर्धीच राहिली. ती पुरी करायला काकू निघाल्या होत्या. गडू तांब्याचा होता. तोंडावर तांब्याची चकती, तिच्यावर फडकं, फडक्यावर दोरा आणि दोऱ्यावर काशीच्या पंड्याची लाखेची मोहोर. मोहोर मोडली की पाणी बाटलं, असा समज. काकू तो गडू झोपतानाही उशाशी ठेवत.

कावडीतून गडू वाहायला सोमा होता. जव्हारजवळच्या साखरशेतला काकूंचं भाताचं शेत होतं, ते तो कसायचा. पन्नाशीचा, काटक, आणि चेहरा असा गंभीर की तो थट्टा करतोय हे तिसऱ्या दिवशी कळावं. कल्याणला गाडी बदलताना फलाटावरची गर्दी बघून तो मला म्हणाला, "भास्करदादा, ह्या सगल्यांच्या घरी नाचणी कोन लावतो?"

आणि होते अण्णासाहेब. दरबारच्या जामदारखान्यावरून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी दरबारच्या थैल्यांवर आपल्या बोटातल्या अंगठीने लाखेची मोहोर उमटवली होती. निवृत्त झाल्यावरही अंगठी बोटात आणि थाट अंगात होता. पाँडिचेरी हे मूळचं पांडवचेरी, पांडव अज्ञातवासात तिथे उतरले होते, असं त्यांनी रायचूरपासून मद्रासपर्यंत सगळ्या डब्याला सप्रमाण पटवून दिलं. त्यांना गुडघेदुखी होती. या दुखण्यावर जव्हारात औषध मिळत नाही आणि फ्रेंच मुलखात मिळतं, हे त्यांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पाँडिचेरीत आमचा माणूस म्हणजे मुस्य सामी. मुस्य म्हणजे त्यांच्यात श्रीयुत. हा रंगाने, हाडाने पक्का तमिळ, पण फ्रेंचांच्या पलटणीत हिंदीचीनमधल्या सायगावला नोकरी करून पेन्शनीत आलेला. रविवारी कोट-टोपी घालून चर्चमध्ये जाई आणि घरी येऊन जमिनीवर मांडी घालून ताकभात खाई. हिंदुस्तानी तो सायगावातल्या पंजाबी पहारेकऱ्यांकडून शिकला होता, त्यामुळे तो प्रेमाने बोलला तरी दरडावल्यासारखं वाटे. "हम फ्रांसिस है!" असं तो छातीवर हात मारून सांगायचा. काकूंनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "हा फ्रेंच, तर मग काळे कसे असतात यांच्याकडे?"

गाव दाखवणं हे माझं आवडतं काम. मधोमध एक कालवा. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला गोऱ्यांची वस्ती, पिवळ्या भिंती, उंच दारं, भिंतीवरून बाहेर लोंबणाऱ्या बोगनवेली. अलीकडे तमिळ वस्ती, प्रत्येक घराला बाहेर ओटा, ओट्यावर कोणीतरी आडवं झालेलं. खाली दक्षिणेला मुसलमान व्यापाऱ्यांची आळी. एका वळणावर देवळाची घंटा आणि पावाच्या भट्टीचा वास एकदम येत. काकूंनी पदर नाकाला लावला. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर पदर लावलेलाच होता, पण त्या चालायच्या थांबल्या होत्या आणि भट्टीसमोर उभ्या राहून श्वास घेत होत्या. "वासाला विटाळ नसतो," मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

कालव्यापाशी समोरून चर्चमधल्या गोऱ्या जोगिणींची रांग आली. पांढरे झगे, डोकी झाकलेली, नजर खाली. काकू विधवेच्या लाल आलवणात, डोकं झाकलेलं. रांगेतली पुढची म्हातारी जोगीण थांबली, तिने काकूंना वाकून नमस्कार केला. ही आपल्यासारखीच कुठल्या तरी पंथाची असणार, असं तिला वाटलं असावं. काकूंनीही नमस्कार केला. रांग पुढे गेल्यावर म्हणाल्या, "बिचाऱ्या. एवढ्या सगळ्यांचे नवरे कसे गेले रे?"

"काकू, त्यांचं लग्नच होत नाही. त्या करतच नाहीत."

"आणि घरचे?"

"घरच्यांना चालतं."

काकू वळून लांब गेलेल्या रांगेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "शहाण्या आहेत."

तिथे एक वाहन आहे, पूस-पूस. तीन चाकांची खुर्ची म्हणा. ती माणसं मागून ढकलतात, आणि पुढे बसलेल्याने हातातल्या दांड्याने वळवायची. म्हणजे ज्याला वाट माहीत तो मागे, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या हातात दांडा. अण्णासाहेब मोठ्या दिमाखात बसले. "जामदारखाना चालवला आहे मी," असं म्हणून त्यांनी दांडा धरला आणि पहिल्याच वळणावर गाडी एका पाद्र्याच्या बागेत घातली. पाद्री फ्रेंचमध्ये ओरडत बाहेर आला, अण्णासाहेब मराठीत त्यालाच फाटक चुकीच्या जागी असल्याबद्दल रागावू लागले. काकू शांतपणे पुढे झाल्या. "उतरा." अण्णासाहेब उतरले. काकू बसल्या, दांडा हातात घेतला, आणि सगळा समुद्रकाठ, धक्क्यापासून दीपस्तंभापर्यंत, एकदाही कशाला न धडकता फिरून आल्या. ढकलणाऱ्यांची दमछाक झाली. "अजून एकदा," काकू म्हणाल्या.

आता गडूची गोष्ट. निघायच्या आदल्या दिवशी अण्णासाहेबांनी बाजारातून एक तांब्याचा गडू आणला. काकूंच्या गडूसारखाच. मला वाटलं, प्यायच्या पाण्याला. पण दुपारी पाहतो, तर त्याच्या तोंडावर चकती, फडकं, दोरा, लाख आणि अण्णासाहेबांच्या अंगठीची मोहोर. "गंगाजल," ते म्हणाले. पाँडिचेरीत गंगाजल कुठून आलं, हे मी विचारलं नाही. ज्याचं उत्तर मिळणारच आहे असे प्रश्न वाटाड्याने विचारू नयेत. गडूत फ्रेंच ब्रँडी होती, कोन्याक म्हणतात ती. अण्णासाहेबांचा बेत सरळ होता. हद्दीवरच्या इंग्रजी नाक्यावर जकातवाले दारूसाठी गाठोडी तपासतात. पण रामेश्वराच्या यात्रेकरूचं गंगाजल कोण उघडणार? त्यांनी तो गडू सोमाच्या कावडीला, काकूंच्या गडूच्या बरोबर समोर, टांगूनही टाकला.

घोटाळा मुस्य सामीने केला. तो निर्मळ मनाने काकूंना म्हणाला, "मादाम, आपके साहेब ने कोन्याक बहुत अच्छा लिया. मैंने खुद चुना." काकूंना मादाम म्हणजे बाईसाहेब एवढं आता कळत होतं. कोन्याक म्हणजे काय, ते त्यांनी सोमाकडून काढून घेतलं. सोमाने कावडीतला गडू हुंगला आणि म्हणाला, "बाय, हे पानी नाय. हे दुसरंच कायतरी हाय. पर वास आपल्या मव्हाच्या दारूसारका नाय, लांबचा हाय."

दुसरी कोणी बाई असती तर आरडाओरडा करती. आपल्या नवऱ्याच्या गंगाजलासमोर ब्रँडीचा गडू टांगलेला, एकाच कावडीत! काकूंनी आवाजही चढवला नाही. जेवण झाल्यावर अण्णासाहेब धर्मशाळेत पंखा घेऊन आडवे झाले आणि घोरू लागले. काकूंनी सोमाला बोलावलं. गडूची लाख सोडवली. "हे नेऊन कालव्यात ओत," म्हणाल्या. मग स्वतः विहिरीवरून पाणी शेंदून गडू भरला, चकती बसवली, फडकं बांधलं, लाख वितळवली. मोहोर उमटवायची राहिली. अंगठी घोरणाऱ्या बोटात होती. तेव्हा सामीने मदत केली. आपल्या जुन्या पलटणीच्या कोटाचं पितळी बटण त्याने गरम लाखेवर दाबलं. छान ठसा उमटला. जहाजाच्या नांगराचा.

मला हे सारं नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की संध्याकाळी सोमा आणि सामी कालव्याकडून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येत आहेत. सामी फ्रेंच पलटणीचं गाणं म्हणत होता आणि सोमा साखरशेतकडचं लग्नातलं. चाल जुळत होती.

"कालव्यात ओतलंस ना रे?" काकूंनी त्याला एकटा गाठून विचारलं म्हणे.

"ओतलं बाय," सोमा अत्यंत गंभीरपणे म्हणाला. "पर थेट नाय. जरा वळसा घालून."

"आणि कशी होती?"

"आपल्या मव्हाच्या फुलाची सर नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हद्दीवरच्या नाक्याला थांबली. इंग्रजी जकातीचा अंमलदार तरुण होता, तमिळ, कपाळावर भस्माचे पट्टे आणि डोक्यावर साहेबी टोपी. तो आणि मी इंग्रजीत बोलत होतो. त्याचं इंग्रजी शाळेतलं होतं आणि माझं स्टेशनवरचं. मधे मी दुभाष्या. दुभाष्याला इकडचं तिकडे जसंच्या तसं नेऊन चालत नाही. तो म्हणाला, "यात्रेकरू सगळे लबाड असतात." मी मंडळींना सांगितलं, "साहेब विचारताहेत, प्रवास सुखाचा झाला ना?" मंडळी हसून हो म्हणाली. तो आणखी संतापला.

कावड त्याच्या पुढ्यात आली. "हे काय?"

"काशीचं गंगाजल. रामेश्वराला चाललंय."

त्याने टोपी काढली, तेव्हा मला हायसं वाटलं. पण तो वाकून मोहरा पाहू लागला. एका गडूवर काशीच्या पंड्याचा ठसा. दुसऱ्यावर नांगर. "गंगाजलावर नांगर?" मी पाहिलं आणि माझंच डोकं चालेना. अण्णासाहेब पुढे झाले, आपली अंगठी दाखवायच्या बेताने. त्यांनी लाखेकडे पाहिलं, अंगठीकडे पाहिलं, पुन्हा लाखेकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काकू, तो विचारतोय नांगर कशाला," मी म्हणालो.

"गंगेत नावा चालत नाहीत का? सांग त्याला."

सांगितलं. पटलं नाही. मागच्याच आठवड्यात कोणी देवाच्या मूर्तीच्या पोटातून बाटल्या नेल्या होत्या म्हणे. "दोन्ही उघडा," तो म्हणाला. एका गडूत एका मेलेल्या माणसाची राहिलेली यात्रा होती. दुसऱ्यात ब्रँडी होती, असं मला वाटत होतं. पहिला उघडला तर काकू पुढे कशाला जाणार? दुसरा उघडला तर आम्ही सगळेच पुढे जाणार नव्हतो. मी दोन्ही हात जोडून काहीबाही बोलू लागलो. अण्णासाहेब भिंतीला टेकले.

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"उघडा म्हणतोय."

"मग उघडू दे की." आणि त्यांनीच बोटाने नांगराचा गडू दाखवला.

अण्णासाहेबांनी डोळे मिटले. लाख फुटली, फडकं सुटलं, चकती निघाली. अंमलदाराने नाक लावलं. मग बोट बुडवलं. मग बोट जिभेला लावलं. "पाणी आहे," तो म्हणाला. अण्णासाहेबांनी एक डोळा उघडला. आयुष्यात इतकं निराश आणि इतकं सुटलेलं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हसत हसत गाडीत चढलो असतो. पण त्या पोराच्या चेहऱ्यावरची ताठरता एकदम गळून पडली. त्याने बूट काढले. ओंजळीत थोडं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, प्यालं. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकलो. मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझी आई अंथरुणावर आहे. वैद्याने आशा सोडली आहे. काशीला जायचं तिच्या मनात होतं, मी नेऊ शकलो नाही. यातलं थोडं पाणी मला द्याल का? शेवटी तिच्या तोंडात घालायला?" आणि त्याने खिशातून औषधाची एक रिकामी कुपी काढली.

माझा खोकला थांबला.

"काय म्हणतोय?"

मी काकूंना सांगितलं. यात मात्र काही बदल केला नाही.

"त्याला सांग, ते ओतून टाक. ते विहिरीचं आहे."

मी अंमलदाराला म्हणालो, "काकू म्हणतात, अवश्य घ्या. आईला आराम पडो." माझं म्हणणं, पाणी ते पाणी. म्हातारीचं समाधान होईल, पोराचं होईल, आणि आमची गाडी सुटेल. नाक्यावर खोटं सांगितलं म्हणून अडकवलं तर सगळी यात्रा तिथेच बसायची.

काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना वाचता येत होता. "भास्कर, मी काय म्हटलं तेच सांग."

"काकू, अहो, आपल्याला धरतील."

"धरू दे. पोरगा आईच्या तोंडात घालणार आहे ते. सांग."

सांगितलं. पाँडिचेरीच्या विहिरीचं पाणी आहे, हे शब्द या वेळी जसेच्या तसे नेले. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग काहीच नाही असा झाला. त्याने कुपी खिशात घालायला घेतली. तेवढ्यात काकूंनी कावडीतला दुसरा गडू उचलला, मांडीवर घेतला, आणि अंगठ्याच्या नखाने काशीच्या पंड्याची मोहोर फोडली.

"नको, नको!" अंमलदार इंग्रजीत, तमिळमध्ये, सगळ्या भाषांत ओरडला. मोहोर म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सोमा "बाय!" म्हणून पुढे झाला. काकूंनी कोणाकडेच पाहिलं नाही. चकती काढली, पोराचा हात धरून कुपी वर घेतली आणि तिच्यात बारीक धार धरली. एक थेंब बाहेर पडला नाही.

"हे खरं आहे," त्या मराठीत म्हणाल्या. "माझ्या माणसाने आणलंय. दे तुझ्या आईला."

हे मी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. त्याने गुडघे टेकून काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं, आपल्या सगळ्या शिपायांदेखत. आमच्यापैकी कोणाचंही गाठोडं त्या दिवशी सोडलं गेलं नाही. मला पुढे त्याच्या आईचं काय झालं ते कळलं नाही. पुढच्या खेपेला नाक्यावर दुसराच कोणी होता, आणि याचं नाव मी विचारून ठेवलं नव्हतं. माझ्या धंद्यात हे फार होतं. माणसं भेटतात आणि गाडी सुटते.

गाडी सुटली. काकू उघडा गडू पदराने झाकून बसल्या होत्या. विल्लुपुरमच्या पुढे अण्णासाहेब घसा खाकरून म्हणाले, "आनंदीबाई, माझ्या गडूत..."

"पाणी होतं," काकू म्हणाल्या. "सगळ्यांसमोर निघालं."

"हो. पाणीच होतं." त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. "गुडघे आता बरे आहेत."

पुढच्या स्टेशनावर ते उतरले आणि कुठून तरी निखारा घेऊन आले. आपल्या पेटीतली लाख काढली, काकूंच्या गडूवर चकती बसवली, फडकं बांधलं, आणि जन्मभर दरबारच्या थैल्यांवर उमटवलेली अंगठी जपून दाबली. "या मोहोरेवर आजवर कोणी शंका घेतलेली नाही," ते म्हणाले. काकू नुसत्या म्हणाल्या, "नीट लागली आहे."

रामेश्वराचे पुजारी आपल्याच बाजूचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले, जुन्या वळणाचं मराठी बोलणारे. त्यांच्यातल्या एकाने गडू हातात घेतला. "ही मोहोर काशीची नव्हे."

अण्णासाहेबांनी उपरणं सावरलं, छाती काढली आणि गाभाऱ्यात घुमेल अशा आवाजात म्हणाले, "जव्हार दरबार!"

पुजारी क्षणभर दबला सुद्धा. पण काकू म्हणाल्या, "दरबार कसला! यांच्या बोटातली अंगठी आहे ती. काशीची मोहोर मी मोडली." आणि नाक्यावरचं सगळं सांगितलं, विहिरीच्या पाण्यासकट. फक्त ब्रँडीचं सांगितलं नाही. अण्णासाहेब खांबाकडे तोंड करून उभे होते.

"किती दिलंत?" पुजाऱ्याने विचारलं.

"एका म्हातारीच्या घशाखाली उतरेल एवढं."

"मग यजमानांचं काय?"

"ते असते तर त्यांनीही दिलं असतं," काकू म्हणाल्या, आणि मग थोडा विचार करून, "नसतं दिलं. पण मी समजावलं असतं."

पुजारी हसला. त्याने गडू उघडला आणि सगळं पाणी पिंडीवर धरलं. काकू डोळे न मिटता बघत होत्या. धार संपली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "झालं?" पुजारी म्हणाला, "झालं." सोमाने मागे नाक ओढलं. धुरामुळे, असं त्याने नंतर सांगितलं.

परत आल्यावर मी काकूंना त्यांच्या दारात सोडलं. माझ्या हिशेबी काकूंचं काम झालं होतं. विधवा बाईला त्या काळी घराबाहेर पडायला कोणाचा तरी नवस, कोणाची तरी अस्थी, कोणाची तरी राहिलेली यात्रा लागे. त्याशिवाय कोणी जाऊ देत नसे, आणि ती स्वतःही मागत नसे.

पुढच्या वर्षी भातं घरात आल्यावर मी नेहमीप्रमाणे गाड्या जुंपल्या. मंडळी चढली. पाहतो तो काकू येत होत्या. लाल आलवण, काखेत एक लहानसं बोचकं. मागे त्यांचे दीर, तोंड आंबट करून.

"आता काय राहिलं आहे वहिनींचं?" त्यांनी मलाच विचारलं, जसं काही मीच फितवलं. "दादांचं तर सगळं झालं. आता कोणासाठी?"

मी काकूंकडे पाहिलं. सवयीने तोंडात तयार झालं होतं, गणपतीचं काहीतरी राहिलंय, असं ठोकून द्यावं. काकूंनी मला नजरेनेच गप्प केलं. बोचकं गाडीत टाकलं, चाकावर पाय ठेवून वर चढल्या आणि पुढच्या बाजूला, जिथून सगळी वाट दिसते तिथे, जागा करून बसल्या.

"कोणासाठी नाही," त्या दिरांना म्हणाल्या. "मला बघायला जायचंय."